दोन दिवस सांगलीचे

मैत्रिणींनो, मागे एकदा पावसाळ्याआधी डाळी-कडधान्यांना ऊन कसं दाखवावं ते मी लिहिलं होतं. त्यावर एका भगिनीचं पत्र आलं. तिनं विचारलं होतं, "ताई, डाळींना ऊन दाखवलं, गाद्यांना दाखवलं, लोणच्याच्या बरण्यांना दाखवलं. आम्हांला कोण दाखवणार?" मी वाचून हसले आणि पत्र मिसळणाच्या डब्याखाली सारून दिलं. पण ते काही मनातून जाईना. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो, हे बोटांवर मोजायला बसले तर पहिलं बोटसुद्धा दुमडेना. तुळजापूर झालं, पंढरपूर झालं, नणंदेचं बाळंतपण, दिराचं लग्न, सगळीकडे गेलो. पण प्रत्येक वेळी पोरं, सासूबाई, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि उलटीच्या गोळ्या असं सगळं बिऱ्हाड पाठीशी.

तर गेल्या श्रावणात, शनिवार-रविवार धरून, आम्ही दोघं सांगलीला जाऊन आलो. बार्शीहून सांगली! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगबाई, जायचंच तर महाबळेश्वरला तरी जायचं. सांगलीत काय आहे?" आता त्यांना काय सांगणार? सांगलीला विलिंग्डन कॉलेजात मी बी. ए. झाले. हे वालचंदमध्ये इंजिनिअर झाले. दोन्ही कॉलेजं विश्रामबागेतच. आणि आमचं लग्न कुणा मध्यस्थानं नाही, कृष्णामाईच्या पुरानं जमवलं. ते पुढे सांगतेच.

आधी निघण्याचं सांगते, कारण खरा घाट तोच असतो. हे साखर कारखान्यात. गाळपाचा हंगाम सुरू झाला की ह्यांचं तोंड आम्हांला दिसतं ते झोपलेलं. त्यामुळे दिवाळीची सुट्टी, नाताळ, संक्रांत, सगळं बाद. पावसाळ्यात यंत्रांची दुरुस्ती चालते, तेव्हाच काय ती रजा मिळते. माझी शाळा अर्धवेळ. शनिवारचे दोन तास एका बाईंनी घेतले. उरल्या सासूबाई. आठ दिवस मी मनाशी वाक्यं जुळवत होते. कधी वाटे, म्हणावं की एका मैत्रिणीकडे वास्तुशांत आहे. कधी वाटे, कॉलेजात कागदपत्रांचं काम आहे. शेवटी कंटाळून, भाकरी थापता थापता सरळ म्हटलं, "आई, आम्ही दोघंच दोन दिवस सांगलीला जावं म्हणतो." त्या म्हणाल्या, "मग जावा की. मी काय पोरांना खातीय का?" झालं! आठ दिवसांची वाक्यं फुकट गेली. मैत्रिणींनो, एवढं मात्र अनुभवानं सांगते. थाप मारून जाल तर तिथे पोचल्यावर अर्धा जीव थाप सांभाळण्यात जातो.

घरासाठी शेंगांची चटणी कुटून ठेवली, ज्वारीचं पीठ दळून आणलं, मेतकूट होतं, धाकट्यासाठी दशम्या केल्या. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी चार पानं भरून सूचना लिहिल्या. पाणी किती वाजता येतं, धाकट्याचा कंपासपेटीचा खण कुठला, थोरलीनं रात्री किती वाजता मोबाइल ठेवायचा. परत आले तेव्हा त्या पानांच्या पाठीवर सासूबाईंनी दुधाचा आणि भाजीचा हिशोब लिहिलेला होता. पुढची बाजू वाचली होती की नाही, ते मी विचारलं नाही.

पैसे मात्र घरखर्चातले घेतले नाहीत. माझी भिशी लागली होती, त्यातले सहा हजार वेगळ्या पाकिटात घातले आणि ह्यांना म्हटलं, एवढ्यात बसेल तेवढंच. परत आले तेव्हा त्यातले अकराशे उरले होते. आपल्या कमाईचं पाकीट बरोबर असलं की बाई चहासुद्धा हक्कानं मागवते. एस. टी. त बायकांचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं झालंय. कंडक्टरनं एक अख्खं, एक अर्धं तिकीट फाडलं तसे हे म्हणाले, "सोळा वर्षांत पहिल्यांदा माझी किंमत तुझ्या दुप्पट झाली बघ." शेजारची आजी फिसकन हसली.

बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, नागज, कवठे महांकाळ, मिरज. पाच-सहा तासांचा प्रवास. खरं सांगायचं तर पंढरपूर येईपर्यंत आमच्याकडचे सगळे विषय संपले. गॅस, थोरलीची शिकवणी, सासूबाईंचा गुडघा, गळणारी गच्ची. ते झाल्यावर दोघंही खिडकीबाहेर बघू लागलो. मला जरा धसकाच बसला. पोरं नसली तर आपल्याला बोलायला काहीच नाही की काय? तुमच्यापैकी ज्यांनी कधी दोघांनीच प्रवास केला असेल, त्यांना हे ठाऊक असेल. सांगोल्याला डाळिंबं घेतली आणि एक एक दाणा सोलत बसलो. तेवढाच हाताला चाळा.

शिवाय माझ्या पोटात एक गोष्ट होती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाच मुख्याध्यापिकाबाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं, "तुमचं शिकवणं चांगलं आहे, मुलींना तुम्ही आवडता. पण तपासणीत आक्षेप निघालाय. बी. एड. नसेल तर पुढच्या जूनपासून तास देता येणार नाहीत." त्या बाईंचाही दोष नाही; नियम तो नियम. मी "बरं" म्हटलं, वर्गात जाऊन सातवीला कविता शिकवली आणि घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. दोन महिने बोलले नाही. का, ते मलाच सांगता आलं नसतं.

लॉजचं काही लिहिण्यासारखं नाही. चादरी स्वच्छ, उशा दमट. एक मात्र सांगते, पावसाळ्यात कुठेही जाल तर उशीचे दोन अभ्रे घरचे न्या आणि न्हाणीघरासाठी कपडे वाळत घालायची दोरी न्या.

जेवून आधी कॉलेजात गेलो. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. आमच्या वेळी प्राध्यापक अभिमानानं सांगत की पु. ल. देशपांडे इथले विद्यार्थी. आवार तेवढंच मोठं, पावसानं झाडं गच्च हिरवी झालेली. फक्त मला ते सगळं लांब लांब वाटायचं, ते एकदम जवळ आलेलं वाटलं. वाचनालयापासून मुलींच्या खोलीपर्यंतचं अंतर तेव्हा केवढं वाटे! मुलांच्या घोळक्यातून जायचं म्हणून असेल. एका वर्गाच्या दारात उभी राहिले तर आतून एक मुलगी आली नि फार अदबीनं म्हणाली, "काकू, अॅडमिशनला आलात का? ऑफिस तिकडं आहे." मी आपली वेणीवरून हात फिरवत उभी. हे मागे वळून खोकल्याचं सोंग करत होते. मला इतकं हसू आलं की तोंडातून निघून गेलं, "अरे, हसतोस काय!"

"अरे" म्हटलं, आणि दोघंही दचकलो. कॉलेजात मी ह्यांना नावानंच हाक मारायची. लग्नानंतर सासरी "अहो" झालं, आणि मग खोलीतसुद्धा "अहो"च राहिलं. कुणी सांगितलं नव्हतं हो. सवयच लागली. सोळा वर्षांनी तो "अरे" कुठून आला कोण जाणे. हे काही बोलले नाहीत, पण मग कॅन्टीनपर्यंत आम्ही जरा जवळून चाललो.

आता पुराचं सांगते. २००५ साली मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला होते. राहायला गावभागात, आत्याकडे. जुलैच्या अखेरीस कृष्णा वाढायला लागली. सांगलीकरांची एक रीत आहे. पाऊस लागला की कुणी "कसं काय" विचारत नाही, "आयर्विनखाली किती झालं?" विचारतात. हा आयर्विन पूल १९२९ चा, सांगली संस्थानच्या काळातला. त्याच्या खांबापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. आत्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा आम्ही धान्याचे डबे माळ्यावर चढवत होतो. माळ्यावरून उतरलो तेव्हा ते पिंढरीला लागलं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागेकडे निघालो. तो भाग उंचावर. एका मंगल कार्यालयात पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथे आम्ही मुली पोळ्या लाटायला बसलो. इंजिनिअरिंगची मुलं पोती वाहायची आणि पोळ्यांची पुडकी बांधून न्यायची. त्यांतला एक उंच मुलगा पुडकं उघडून म्हणाला, "ह्या करपलेल्या कुणी केल्या?" त्या माझ्या होत्या. मी म्हटलं, "पाण्यात बसून खायच्यात, जरा खरपूसच बऱ्या." तर अशी ओळख!

म्हणून संध्याकाळी आधी गावभागात गेलो. आत्या केव्हाच मुलाकडे पुण्याला राहायला गेली. घर भाड्याचं होतं. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर चढलं तेव्हा त्याच्या मागच्या भिंती बसल्या, असं शेजारच्यांनी सांगितलं. आता तिथे मोकळी जागा नि दोन दुचाक्या लावलेल्या. शेजारच्या घराच्या भिंतीवर रंगानं दोन रेघा मारून ठेवल्यात, एक २००५ ची, एक २०१९ ची. वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. त्या घरच्या काकूंनी आम्हांला ओळखलं नाही, तरी चहा दिला. त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्यावर काहीच नव्हतं. सगळे डबे वरच्या फळीवर, छताला लागून. म्हणाल्या, "जून लागला की वर चढवायचे, दसऱ्याला खाली काढायचे. एवढंच." आपण पावसाळ्यात डाळीला कीड लागते म्हणून कुरकुरतो. मी घरी आल्यावर माझी कागदपत्रं, पोरांचे दाखले, सगळं एका प्लॅस्टिकच्या बंद डब्यात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. बार्शीला कृष्णा नाही, हे मलाही कळतं.

मग गणपतीचं दर्शन घेतलं. पटवर्धनांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं देऊळ, किती वेळा गेले असेन, पण परीक्षेशिवाय कधी गेले नव्हते! तिथून आयर्विन पूल. पाणी चढलेलं होतं, पण भीती वाटण्यासारखं नाही. गढूळ, भरभरून वाहत होतं. कठड्याला टेकून माणसं नुसती बघत उभी होती. सांगलीची माणसं पाणी बघायला येतात ती जत्रेला आल्यासारखी येतात, पण त्यांच्या डोळ्यांत जत्रा नसते.

तिथे मी ह्यांना शाळेचं सांगितलं.

हे म्हणाले, "कधी सांगितलं त्यांनी?"

"जूनमध्ये."

"आणि आज सांगतेस?"

"सांगून काय झालं असतं? तेव्हा तुमच्या घरी नको होतं, आता वय गेलं."

हे माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "आमच्या घरी कुणी नको म्हटलं होतं? याच पुलावर मी तुला म्हटलं होतं, तुझा कोल्हापूरला बी. एड. ला नंबर लागलाय, वर्षभर थांबू, मग लग्न करू. तू नाही म्हणालीस."

मैत्रिणींनो, गेली सोळा वर्षं मी ही गोष्ट बहिणीला, मैत्रिणींना, शाळेतल्या बायकांना एकाच तऱ्हेनं सांगत आले होते. सासरच्यांनी शिकू दिलं नाही. इतक्यांदा सांगितली की मलाही ती तशीच आठवायला लागली. पण त्या पुलावर, त्या पाण्याच्या आवाजात, मला स्वच्छ आठवलं. २००८ साल. वडिलांनी माझ्यासाठी दुसरं एक स्थळ बघून ठेवलं होतं. वर्षभर थांबले असते तर त्यांनी ते उरकलं असतं, अशी मला भीती होती. म्हणून मीच म्हटलं होतं, "आधी लग्न करू. बी. एड. काय, नंतरही करता येईल." ते शब्द माझेच. माझ्या तोंडावरचा रंग उडाला असणार.

एवढ्यावर संपलं असतं तर चूक माझी, म्हणून मी गप्प बसले असते. पण हे थोडा वेळ थांबून म्हणाले, "एक सांगू? रागावू नकोस. तू नाही म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. दादांचं आजारपण आईला एकटीला झेपत नव्हतं. घरात कुणीतरी हवंच होतं. म्हणून मग मी पुन्हा विचारलंच नाही. नंतरही नाही."

मी रागावले. भरपूर रागावले. दादांचं मी सगळं केलं, त्याचं मला काही नाही. माझ्या वडिलांचं केलं असतं तसंच केलं. पण "घरात कुणीतरी हवंच होतं"? मी "कुणीतरी"? ह्यांना तिथेच सोडून मी पुलाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे कणसं भाजणारी एक बाई होती. एक कणीस घेतलं, एकटीनं खाल्लं, ह्यांना नेलं नाही. रात्री जेवताना ह्यांना तांबड्या-पांढऱ्याची आठवण येत होती, पण श्रावण, त्यामुळे भेंडी. दोघंही मुकाट्यानं जेवलो. भांडणानंतर घरी असतं तर मी भांडी आपटली असती, पोरांवर खेकसले असते, आणि दोन दिवसांनी ते आपोआप विरलं असतं. इथे आपटायला भांडी नव्हती.

सकाळी रिक्षानं हरिपूरला गेलो. सांगलीपासून जवळ, रस्त्याला चिंचेची जुनी झाडं. तिथे कृष्णेला वारणा मिळते. संगमावर संगमेश्वराचं देऊळ. श्रावणी सोमवारची यात्रा दुसऱ्या दिवशी, त्यामुळे खेळण्यांचे नि पेढ्यांचे पाल उभे राहत होते. 'शारदा' नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे याच हरिपूरचे. थेरड्याशी लग्न लावायला निघालेल्या पोरीचं ते नाटक १८९९ चं, बी. ए. ला आम्हांला त्यावर प्रश्न असायचा. तेव्हा मी उत्तर पाठ केलं होतं, घाटावर बसून पहिल्यांदा नीट विचार केला की त्या पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं. मला मात्र विचारलं होतं. हा फरक थोडा नाही.

हरिपूरची आणखी एक गोष्ट तुम्हां गृहिणींना सांगण्यासारखी. इथे हळद साठवायला जमिनीत पेवं असत. तोंड अरुंद, आत पोट मोठं, हळद भरून तोंड लिंपून टाकायचं. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. वर्षानुवर्षं हळद टिकायची. उघडल्यावर एकदम आत उतरायचं नाही, आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरायचा. २००५ च्या पुरात यांतली बरीच पेवं पाण्यानं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवं आता नावापुरती राहिली. एका म्हाताऱ्या बाबांकडून हे सगळं आम्ही ऐकत होतो. ह्यांना अशा गोष्टींत भारी रस. तोंड किती फुटांचं, लिंपायचं कशानं, विचारत बसले. आणि मग बाबा उठून गेल्यावर, त्याच आवाजात मला म्हणाले, "बी. एड. आता किती वर्षांचं आहे?"

तसं आम्ही पुन्हा बोलायला लागलो. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालंय. तेव्हा केलं असतं तर एका वर्षात आटोपलं असतं! प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते. पदवीला निम्मे गुण लागतात, माझे चोपन्न टक्के आहेत. कॉलेज गावातल्या गावात. म्हणजे अडचण कागदाची नाही, स्वयंपाकघराची आहे. ह्यांनी खिशातलं एस. टी. चं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला घेतलं. माझा पगार जाणार, फी येणार. नवी स्कूटर दोन वर्षं पुढे ढकलायची. सकाळच्या पोळ्यांना बाई लावायची. थोरलीनं धाकट्याचा अभ्यास घ्यायचा.

मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"हंगामात मी घरात नसल्यासारखाच, ते तुला माहीत आहे."

"हंगाम संपल्यावर?"

जरा विचार करून म्हणाले, "संध्याकाळची भाजी मी करीन. पण मिठाचं काही म्हणायचं नाही."

मी लिहायला लावलं. "मार्च ते ऑक्टोबर, संध्याकाळची भाजी." खाली सही घेतली. हसू नका, तिकीट मी त्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलंय. राग गेला का? सगळा नाही गेला. कुणीतरी हवं होतं, हे वाक्य अजून मधेच भाकरी भाजताना आठवतं नि तव्यावरचं कालथं जोरात आपटतं. पण ते ह्यांनी मला सांगितलं, ही गोष्टही माझ्या हिशोबात आहे.

परतीची गाडी मिरजेहून. तास-दीड तास होता म्हणून सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत डोकावलो. तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले. कारागिरानं विचारलं, कुठले तुम्ही? सोलापूर जिल्हा म्हटल्यावर म्हणाला, "मग हे भोपळे तुमच्याच भागातले की, पंढरपूरकडचे." २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्यालाही मानांकन मिळालं. तीन वर्षं शेजारच्या गावात राहून ही गल्ली मी पाहिली नव्हती. घ्यायचं तर काही नव्हतं. एका पोरानं तार छेडून दाखवली तेवढी ऐकली नि निघालो. गाडीत मात्र सांगोल्यापर्यंत आमची तोंडं थांबली नाहीत. पुढचं बसणाऱ्यांनी दोनदा मागे वळून बघितलं.

घरी भडंगाचे दोन पुडे आणले होते. सोमवारी संध्याकाळी पुडे रिकामे. त्यानंतर घरीच करते, तेव्हा रीत सांगून टाकते. चुरमुरे आधी कढईत कोरडेच, मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यावेत; ऊन असेल तर उन्हात ठेवले तरी चालतात. तेल जरा सढळ हातानं घ्यावं. त्यात आधी शेंगदाणे तळून काढावेत, मग ठेचलेला लसूण सालासकट घालून चांगला लाल होऊ द्यावा, कढीपत्ता घालावा. गॅस बंद करून मग तिखट, हळद, मीठ. आच चालू असताना तिखट घातलं की काळं पडतं आणि सगळ्या घराला ठसका. मग चुरमुरे ओतून हलक्या हातानं कालवावेत, शेवटी चिमूटभर पिठीसाखर. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि तो धाकट्याच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी हवा.

पहिल्या पुड्यातलं भडंग खाता खाताच मी सासूबाईंना बी. एड. चं सांगितलं. म्हटलं, दोन वर्षं तुमच्यावरही थोडं पडेल. त्यांनी एक एक शेंगदाणा वेचत ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तवा का नाही केलंस?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं.

"तवा तुम्हांला चाललं असतं?" मी विचारलं.

"मला कुणी इचारलंच कुठं?" त्या म्हणाल्या, आणि पुडा आपल्याकडे ओढला.

प्रवेशपरीक्षेचे अर्ज नव्या वर्षात निघतील. जुनं गुणपत्रक सापडलंय, मराठीची वही नाही सापडली. बार्शीत सकाळी सातच्या आत येणारी, पोळ्या पातळ करणारी बाई कुणा मैत्रिणीला माहीत असेल तर अवश्य कळवा. करपलेल्या चालतील, आमच्याकडे खातात.